लवंगी चावते तेव्हा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भावाने मांजराचं एक पिल्लू आणून दिलं. तो इथे सोलापुरातच अशोक चौकाच्या पुढे टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, तिथे सुताच्या पोत्यांमागे हे दोन दिवस एकटंच ओरडत होतं, आई काही परत आली नाही आणि बाकीची पिल्लं पण कुठे दिसली नाहीत. जेमतेम पाच आठवड्यांची असेल, माझ्या तळहातावर मावायची. नाव ठेवलं लवंगी, कारण आकार मिरचीएवढा आणि पहिल्याच संध्याकाळी पोराच्या अंगठ्याला दात लावले. दात तरी केवढे, सुईच्या टोकासारखे, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. आम्ही मुद्दाम बोटं नाचवायचो तिच्यापुढे, ती उडी मारायची, हाताला मिठी मारून मागच्या पायांनी लाथा झाडायची आणि आम्ही व्हिडिओ काढत बसायचो. चूक इथेच झाली, ती मला दोन महिन्यांनंतर कळली.

एप्रिल संपेपर्यंत घरात एकाचेही हात धड राहिले नव्हते. ओट्याशी भाकरी थापत उभी राहिले की पोटरीला येऊन चिकटायची, साडीच्या निऱ्या, सासूबाईंची जपमाळ, मोबाईलचं चार्जर, हलणारं काहीही चालायचं तिला. पहाटे साडेचारला तर ठरलेलंच, चादरीखाली पायाचं बोट हललं की धाडकन हल्ला. आपली सोलापुरी चादर जाड म्हणून निभावलं, पण यांची झोप रोज मोडायची आणि कामावर जाताना चिडचिड व्हायची. मला खरंच वाटायला लागलं की हिच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, ही माणसाळणारच नाही.

सल्ले देणारे भरपूर होते. कुणी म्हणालं तोंडावर पाणी मार, कुणी म्हणालं परत कारखान्यात सोडून ये. सासूबाई म्हणाल्या, "अगं दोन फटके दे की, आपोआप सुधारतंय." मीही वैतागून दोनतीनदा पेपरची गुंडाळी करून नाकावर मारली. तिचं चावणं काही कमी झालं नाही, उलट हात जवळ आला की कान मागे पाडून कॉटखाली जायला लागली आणि तिथूनच पायांवर झडप घालायची, म्हणजे आधी जे खेळ होतं त्यात आता भीती पण आली. हे मला फार लागलं मनाला.

मग मे महिन्यात पोराच्या मनगटावर खोल ओरखडा आला, रक्त आलं. हे सगळ्यांनी नीट वाचा. घरातलं पिल्लू आहे, काही होत नाही असं म्हणून हळद लावून सोडून देऊ नका. रेबीज मांजरामुळेही होतो, आणि आमच्या लवंगीला तेव्हा एकही लस दिलेली नव्हती. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची (घड्याळ लावून, अंदाजाने नाही) आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोराला ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी अशी इंजेक्शनं घ्यावी लागली, एकही चुकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी लवंगीला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. लसी तर सुरू केल्याच पण मॅडमनी अर्धा तास बसवून जे सांगितलं त्याने माझं बघणंच बदललं. पहिला प्रश्न, एकटीच होती का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, चावायचं किती हे पिल्लू आपल्या भावंडांकडून शिकतं, एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं, आई पण पंजाने दाबते, असं करत करत आठ-दहा आठवड्यांपर्यंत तोंडाला आवर घालायची सवय लागते. हिची ती शाळाच बुडाली, पाचव्या आठवड्यात ती तुमच्याकडे आली आणि तुम्ही हातालाच खेळणं केलं, आता तिला कसं कळणार? जमत असेल तर दोन-अडीच महिन्यांचं अजून एक पिल्लू आणा म्हणाल्या, एकमेकांना तेच शिकवतील, पण आमच्या दोन खोल्यांत ते शक्य नव्हतं.

मग भावंडांचं काम आम्हालाच करायचं होतं. चावली की हात मागे ओढायचा नाही, कारण ओढला की ती शिकार पळाल्यासारखी अजून घट्ट धरते आणि कातडं फाटतं ते त्या ओढण्यानेच. हात सैल सोडून तसाच ठेवायचा, वाटल्यास किंचित तिच्याच दिशेने ढकलायचा, ती गोंधळून तोंड उघडते. मग उठायचं आणि काही न बोलता खोलीबाहेर जायचं, एखादा मिनिट. ओरडायचं नाही, रागाने बघायचं पण नाही. परत आल्यावर खेळणं द्यायचं, हात नाही. ऐकायला सोपं आहे, पण घरातल्या पाचही जणांनी रोज तेच करायचं म्हणजे अवघड, हे गुपचूप बोट नाचवायचे आणि मी पकडलं की "एकदाच गं" म्हणायचे. एकदाच नाहीच चालत, कारण मग तिला कळतच नाही हात चालतो की नाही.

चावायच्या आधी ती सांगते हे पण तेव्हाच बघायला शिकले. शेपटीचं टोक फटकन हलतं, कान बाजूला वळतात, डोळे काळेभोर होतात. तेवढ्यात थांबायचं.

आणि खेळ. मांजराला शिकार करायचीच असते, दिवेलागण आणि पहाट या तिच्या मूळच्या वेळा, त्यात आपल्याकडचं ऊन, ४२ डिग्रीत ती दिवसभर कूलरपुढे पसरायची आणि रात्री आम्ही आडवे झालो की तिचा दिवस सुरू. म्हणून आता संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला पंधरा-पंधरा मिनिटं मी तिला दमेपर्यंत पळवते. काठीला टॉवेलची पट्टी बांधलीय, ती जमिनीवरून तिच्यापासून लांब लांब सरपटवायची, मधेच दाराआड लपवायची, शेवटी तिला पकडू द्यायची, आणि लगेच जेवण. दुधाचं नाही, आधी मी गाईचं द्यायचे आणि जुलाब झाले होते, आता पिल्लांचं फूड किंवा उकडलेलं चिकन. पकडलं, खाल्लं, अंग चाटलं, झोपली. रात्री दहाचं हे सुरू केल्यावर आठवड्याभरातच साडेचारचे हल्ले सहावर आले.

भावाने कारखान्यातून सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणून दिल्या, त्या फरशीवर गडगडतात आणि तिच्या सगळ्यात लाडक्या. पण कांडीवर सुताचा एक धागाही राहू द्यायचा नाही, हे मी सोलापूरकरांना हात जोडून सांगते, आपल्या निम्म्या घरांत सूत, चिंध्या, शिलाईचा दोरा लोळत असतो. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, दोरा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, आतच जातो, आणि परकराची नाडी ओढल्यावर चुण्या पडतात तशा आतड्याला पडतात. मग ऑपरेशन. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे. काठीची ती पट्टी पण खेळ झाला की मी कपाटात ठेवते.

नखांसाठी कॉटच्या एका पायाला सुतळी घट्ट गुंडाळलीय, तीच ओरबाडते. दहा-बारा दिवसांनी ती झोपेत असताना नखांची फक्त टोकं कापते, आतला गुलाबी भाग सोडून, कधी दोनच नखं होतात. आणि पिंपांना झाकणं! आपल्याकडे पाणी रोज येत नाही, सगळ्यांकडे पिंपं भरलेली, आणि हिला कुठेही उडी मारायची असते. मी झाकणावर वीट ठेवते.

शेजारच्या अक्का तेलुगू आहेत, त्या तिला पिल्ली म्हणतात, त्यांच्यात मांजराला पिल्लीच म्हणतात आणि लवंगी त्या हाकेला जास्त ओ देते. परवा त्या दारात बसल्या होत्या आणि लवंगीने त्यांचं बोट तोंडात धरलं, मी धावले, पण दात टेकलेच नव्हते, तिने स्वतःहून सोडलं आणि जाऊन कांडी ढकलत बसली. अक्कांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र आत जाऊन दोन मिनिटं बसले.

आता जुलै चालू आहे, पाच महिन्यांची झाली, नसबंदीची तारीख पुढच्या महिन्यातली घेतलीय. काल चादर झटकताना तांदळाच्या कणीएवढा एक दात फरशीवर पडला, दुधाचा. पोराने तो काड्यापेटीत ठेवलाय आणि काड्यापेटीवर पेनाने लवंगी लिहिलंय.