पडत्या थेंबाचा आकार: दोलनं सापडली, चपटेपणा अजून बाकी

प्रयोगाच्या या टप्प्यात एवढंच ठरवलं होतं: सुईपासून सुटलेला पाण्याचा थेंब पहिल्या मीटरभरात आकार कसा बदलतो ते टिपायचं.

सुई सपाट तोंडाची, बाहेरचा व्यास १.२ मिमी. शंभर थेंब काट्यावर तोलले की एकाचं वजन १८ मिलिग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे व्यास ३.२ मिमी. फोटोवरून मोजण्यापेक्षा मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते, कारण फोटोत थेंब क्वचितच गोल सापडतो.

थेंबाच्या नेहमीच्या चित्रांतली ती टोकदार शेपटी फक्त सुटण्याच्या क्षणी असते. मान बारीक होत तुटते, बहुधा एक चिमुकला उपथेंब मागे सोडते आणि टोक झटक्यात आत ओढलं जातं. त्या झटक्याने थेंब उभट-आडवा, उभट-आडवा होत राहतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेलेने १८७९ मध्ये थेंबाच्या अशा दोलनांसाठी दिलेल्या सूत्रात आपला थेंब घातला की सेकंदाला सुमारे ६० दोलनं येतात. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एका दोलनाला जेमतेम चार फ्रेम मिळतात, त्यावर काही सिद्ध होत नाही.

म्हणून उलटं केलं: काळा पडदा, मागून तिरपा टॉर्च आणि शटर उघडंच. थेंबाची एक उजळ रेघ उमटते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने फुगवटे दिसतात. सुईखाली १० सेंमीवर दोन फुगवट्यांत २.३ सेंमी, मीटरभर खाली ७ सेंमीच्या वर. वेगाला अंतराने भागलं की दोन्हीकडे तेच ६० हाती येतात! हे बघताना फार आनंद झाला. (टॉर्च बॅटरीचाच घ्या. घरच्या विजेवरचे बरेच दिवे स्वतःच लुकलुकतात आणि रेघेवर खोटे फुगवटे उमटतात.)

पाण्यात निम्मं ग्लिसरीन घातलं की चिकटपणामुळे फुगवटे वीस-पंचवीस सेंमीतच विरतात. नुसत्या पाण्याचे मीटरभर टिकतात.

आता हवेचं. ३ मिमीच्या थेंबात पृष्ठताणामुळे (पृष्ठभागाच्या आकसण्याच्या ओढीमुळे) आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ९६ पास्कल जास्त असतो. मीटरभर पडल्यावर समोरून येणाऱ्या हवेचा दाब १२ पास्कलच्या आत, म्हणजे आपण टिपलेली हालचाल मुख्यतः सुटतानाच्या झटक्याची. तोच थेंब पूर्ण वेगाने, सेकंदाला ८ मीटरने पडू लागला की हवा ३८ पास्कलने रेटते. मग तळ सपाट होतो आणि उंची रुंदीच्या ८५ टक्क्यांवर येते. ५ मिमीच्या थेंबाला हेच दोन दाब जवळपास बरोबरीचे: आतून ५८, बाहेरून ५०. याहून मोठे थेंब खालून आत दबतात, पिशवीसारखे फुगतात आणि फुटतात. व्हिलरमो आणि बोसा या संशोधकांनी २००९ मध्ये हे फुटणं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. भौतिकशास्त्रज्ञ लेनार्डने तर १९०४ मध्येच वर जाणाऱ्या हवेच्या झोतात थेंब तरंगवून पाहिले होते.

जवळजवळ पूर्ण वेग गाठायला ३ मिमीच्या थेंबाला आठ-दहा मीटर उंची लागते, तेव्हा पुढचा टप्पा जिन्याच्या मोकळ्या चौकात. एवढ्या उंचीवरून थेंब एका ठिकाणी पडत नाही, म्हणून फोकसचा पट्टा रुंद ठेवायचा आणि फ्लॅश अगदी कमी ताकदीवर. सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात थेंब ०.४ मिमीच सरकतो. कडा तेवढ्यात स्वच्छ यायला हव्यात.