तुम्ही विचारलंत म्हणून : घटस्फोटासाठी वकील कुठला घ्यायचा?

मी वकील नाही. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मराठी बायकांसोबत कोर्टात जाते, फॉर्म समजावून सांगते, एवढंच. तरी फोन येतात, बहुतेक रात्री, मुलं झोपल्यावर. “ताई, एखादा चांगला वकील सुचवा ना.” नाव मी सुचवत नाही. कसा शोधायचा ते सांगते.

तुमच्या मनात पहिल्यांदा येतं ते पुण्या-मुंबईतलं चित्र. मामांच्या ओळखीचे कुणीतरी नामांकित वकील असतात, आणि आपण डोळे मिटून जातो. तिथे दुसरा इलाजही नसतो. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि कौटुंबिक कायद्याचा तज्ज्ञ म्हणून कुणी प्रमाणपत्रही देत नाही. कॅलिफोर्नियात मात्र देतात. इथे ‘आम्ही फॅमिली लॉ करतो’ असं कुठलाही वकील लिहू शकतो, पण ‘सर्टिफाइड स्पेशालिस्ट’ असं वाटेल त्याला लिहिता येत नाही. त्यासाठी निदान ५ वर्षं वकिली झालेली लागते, त्यातला किमान पाव वेळ याच कामात गेलेला लागतो, वेगळी लेखी परीक्षा द्यावी लागते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याचं काम पाहिलेल्या इतर वकिलांना आणि न्यायाधीशांना त्याच्याबद्दल विचारलं जातं. दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. स्टेट बारच्या, म्हणजे कॅलिफोर्नियात वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर वकिलाचं नाव टाका. परवाना चालू आहे का, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, प्रमाणपत्र कुठल्या विषयाचं आहे, सगळं एका पानावर दिसतं. ते पान वाचल्याशिवाय कुणाला चेक देऊ नका, मग तो वकील मंडळाच्या गणेशोत्सवात कितीही गोड बोललेला असो.

पण प्रमाणपत्र ही पहिली चाळणी. आपल्या लोकांची खरी गुंतागुंत पुढे आहे, आणि ती भारताशी जोडलेली आहे. कॅलिफोर्नियात १९७० पासून घटस्फोटाला कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. न मिटणारे मतभेद आहेत एवढं कारण पुरतं. हिंदू विवाह कायद्यात हे कारण नाही. त्यामुळे लग्न नाशिकला झालेलं असेल आणि जोडीदाराची संमती नसेल, तर इथला निकाल भारतात ग्राह्य धरला जाणं कठीण. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंहराव विरुद्ध वेंकटलक्ष्मी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे इथे तुम्ही मोकळ्या, आणि तिथे कागदावर अजून विवाहित. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, “माझं लग्न भारतात झालंय, मग पुढे काय?” जो थांबून विचार करतो, भारतातल्या वकिलाचंही मत घेऊ म्हणतो, तो मला आवडतो. जो ‘नो प्रॉब्लेम’ म्हणतो, तिथून उठा.

मुलांचंही तसंच. अर्ज दाखल केला की समन्सच्या मागच्या पानावरचे मनाई हुकूम तुम्हाला लगेच लागू होतात, समोरच्याला समन्स बजावल्यावर. दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय मुलांना राज्याबाहेर नेता येत नाही. ‘आजीकडे सुट्टीला’ हेसुद्धा त्यात आलं. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्यासाठी देशादेशांत हेग अपहरण करार आहे; भारत त्यात नाही, म्हणून इथली कोर्टं भारताच्या प्रवासाकडे जास्त सावधपणे पाहतात. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असाल तर निकाल अंतिम झाला की व्हिसाचा आधार जातो, तेव्हा इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठावा लागेल.

पैशाचं भीतीपोटी कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. फी हजार डॉलरच्या वर जाणार असेल तर सहसा लेखी करार द्यावाच लागतो. बहुतेक जण तासाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करून बिल लावतात, त्यामुळे रोजचा राग वकिलाला ईमेल करून काढू नका. नवऱ्याची कमाई मोठी आणि तुमची शून्य असेल, तर तुमच्या वकिलाची फी त्याने द्यावी असा अर्ज करता येतो.

मूल नाही, घर नाही, दोघांचं पटलेलं आहे, तर एवढा महागडा वकील कशाला? कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरला फुकट मदत मिळते. आणि मारहाण होत असेल तर वकील नंतर, आधी ‘मैत्री’ किंवा ‘नारिका’ला फोन करा; घरात छळ सोसणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना मदत करणाऱ्या या इथल्या संस्था आहेत.

भेटीला जाताना लग्नाचा दाखला, टॅक्स रिटर्न आणि कंपनीच्या शेअर्सचे कागद न्या. मी सोबत येईन, पण बोलणं सुरू झालं की बाहेर बसेन. खोलीत तिसरं माणूस असलं की वकील आणि अशिलातली गोपनीयता धोक्यात येऊ शकते.