तुम्ही विचारलंत म्हणून: मी वीज का घेतली नाही

मी पायानं चालणाऱ्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाटणी करते. प्रदर्शनात लाटणं हातात घेऊन, उलटसुलट बघून झालं की माणसं शेवटी इथेच येतात. "अहो, पण वीज का नाही घेत?" गावातली मोठी माणसं सरळ विचारतात, "गो बाय, लायट घेणस नाय कित्याक?" एकटी कशी राहते, शिकवलं कुणी, हे विचारून झालंय आणि सांगूनही झालंय. शिकवलं कुणी नाही, लाकडं फुकट घालवत शिकले. विजेबद्दल मात्र मी आजवर पूर्ण खरं बोललेले नाही.

पाच वर्षं सांगत आले की माळावर खांब आणायचा खर्च झेपत नाही. तो झेपत नाहीच. पुण्याच्या प्रदर्शनात तर झाडाच्या चालीनं काम करण्यावर चांगली १० मिनिटं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बोलणारी मी मला आज पटत नाही. ज्या शिवणीच्या लाकडाची लाटणी कातते, ते विजेवरच्या सॉ मिलमधूनच चिरून येतं. छपरावरच्या सोलर पॅनेलवर माझा दिवा आणि मोबाइल चालतो. विजेशी माझं वैर नाही.

माझं पहिलं लेथ विजेवरचंच होतं. सावंतवाडीत भाड्याची खोली, जुनी मोटर, मिनिटाला १४४० फेरे. चितार आळी चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची खेळणी करणारी माणसं. एकदा जाऊन विचारायचं होतं, पण आपलं आपण शिकतोय याचा मला माज होता.

त्या ऑगस्टमध्ये एकांनी पडलेल्या फणसाचा ओंडका दिला. ओला, पिवळाधमक. त्यातून १० इंचांचं वाडगं काढायचं ठरवलं आणि गाभा तसाच आत ठेवला. लाकूड वाळताना गोलाईच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. गाभा आत राहिला की तो ताण कुठेतरी फुटणारच. हे कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, पण काठावर केसाएवढी काळी रेघ मी पाहिली होती. पाहिली, तिच्यात गोंद भरला आणि दोन दिवसांनी मशीन चालू केलं.

गौज, म्हणजे कातायचं पन्हाळीसारखं हत्यार, लाकडात अडकलं. आधी आवाज आला की मार बसला, आठवत नाही. १० इंची वाडग्याची कड त्या फेऱ्यांना ताशी जवळजवळ ७० किलोमीटरनं धावते, हे गणित मी टाके पडल्यावर केलं. अर्धं वाडगं डाव्या भुवईवर बसलं. उरलेलं अर्धं फिरतच राहिलं. भार एकाच बाजूला, त्यामुळे टेबल उड्या मारत माझ्याकडे सरकायला लागलं. आणि बटण मशीनच्या पलीकडे, भिंतीवर. तो बोर्ड तिथे मीच बसवून घेतला होता. डोळ्यात रक्त, एक हात भुवईवर, दुसरा त्या फिरणाऱ्या तुकड्यावरून पलीकडे न्यायचा. दोनदा नेला, दोनदा मागे घेतला. मग भिंतीला पाठ लावून नुसती उभी राहिले. मशीन चालूच. शेजारच्या वहिनींनी ओरडणं ऐकून बाहेरचा मेन स्विच पाडला, तेव्हा ते थांबलं. ९ टाके. वहिनी मला हा प्रश्न कधीच विचारत नाहीत.

आता लेथला मोटरऐवजी डोक्यावर माणग्याची काठी आहे. माणगा म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ भरीव बांबू. शेंड्याला बांधलेली दोरी लाकडाला वेढा घेऊन खाली पायाच्या फळीला येते. फळी दाबली की लाकूड माझ्याकडे फिरतं, तेवढ्यात कातायचं. पाय उचलला की काठी दोरी वर ओढते, लाकूड उलटं फिरतं, तेव्हा हत्यार मागे घ्यायचं. मी थांबले की सगळं थांबतं.

म्हणजे घाबरलात, असं एक ताई म्हणाल्या. हो, घाबरले. पण बटण अलीकडे घेता आलं असतं. तोंडावर शील्ड घालता आली असती. चितार आळीत जाऊन विचारता आलं असतं. दोष मशीनचा नव्हता, मग सोडलं मशीन का? मीच स्वतःला विचारते आणि अडते. भीतीलाच मी तत्त्व म्हणत आले, असं कित्येक रात्री वाटतं. सकाळी ओल्या शिवणीचा लांबच लांब कीस गौजाखालून सुटत येतो, बाहेरचा पाऊस ऐकू येतो, आणि वाटतं, आणलं असेल भीतीनं, पण राहिले मी माझ्या मर्जीनं.

मोटरवर दिवसाला २० लाटणी निघायची, आता ६ निघतात. माझी किंमत जास्त का, हेही त्यातच आलं. शिवाय उजवा गुडघा सुजतो. डॉक्टरांनी फळी बंद करा म्हणून सांगितलंय. भाऊ म्हणतो, सोलरवरची छोटी मोटर घे, पायाचं बटण लावू, पाय उचललास की बंद. त्याचं काही चुकत नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. सध्या फळी डाव्या पायाला घेतली आहे. तोल वेगळाच जातो, लाटण्याची दोन टोकं अजून सारखी येत नाहीत.