तुम्ही विचारलंत म्हणून: 'रात्र आणि दिवस' आडनावाची मंडळी

स्टॉकहोमला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना जुन्या शहरातल्या रिद्दारहूसेत, म्हणजे सरदारांच्या वाड्यात नेते. तिथे तांब्याच्या पत्र्यांवर रंगवलेल्या, सरदार घराण्यांची चिन्हं असलेल्या सुमारे 2,300 ढाली भिंतीभर टांगल्यात. त्यातल्या एका जुन्या स्वीडिश घराण्याचं नाव 'नात ओ दाग', अर्थ 'रात्र आणि दिवस', असं सांगितलं की प्रश्न ठरलेला: हे काय आडनाव झालं? आणि मूळचे कुठले हे?

मुळात आडनाव नव्हतंच. बापाचं नाव लावायचं आणि ढाल सांभाळायची, एवढंच. ढाल आडवी दुभंगलेली, वर सोनेरी, खाली निळी. तिच्यावरून पडलेलं नाव घराण्याने लावलं ते थेट 18व्या शतकात. म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत जुन्या पुरुषांच्या नावांपुढे ते कंसात असतं.

मूळपुरुष निल्स सिग्रिदसोन, 13व्या शतकातला. सिग्रिद हे बाईचं नाव, म्हणजे पठ्ठ्या आईचं नाव लावत होता! मला या वंशावळीत सगळ्यात आवडतं ते हेच. पुढे निल्स बोसोननेही आईकडचं 'स्तूरे' हे नाव घेतलं. त्याचा मुलगा स्वान्ते साधा 'निल्सोन'च राहिला, पण 1504 ते 1512 स्वीडनचा कारभारी होता. नातू स्तेनने मात्र वजनदार 'स्तूरे' पुन्हा उचललं आणि 1512 पासून 1520 पर्यंत, डेन्मार्कच्या राजाशी लढताना जखमी होऊन मरेपर्यंत, कारभार हाकला. ढाल एकच, नावं तीन. वंशावळ वाचताना डोकं धरावंसं वाटतं.

घराण्यावर एक डागही आहे. शेतकरी-खाणवाल्यांच्या 1434च्या उठावाचा पुढारी एंगेलब्रेक्त आजारी होता, कुबडी घेऊन चालत होता. 1436च्या वसंतात येल्मारेन तळ्यातल्या बेटावर मोन्स बेंग्तसोन होडीतून आला, तो समेटाला आलाय असं एंगेलब्रेक्तला वाटलं. मोन्सने कुऱ्हाड उचलली, आणि एंगेलब्रेक्तने ती कुबडीवर झेलायचा प्रयत्न केला, असं त्या काळच्या पद्य बखरीत आहे; पण तो मारला गेला. हा मोन्स याच घराण्यातला, निल्स बोसोनचा चुलतभाऊ.

1625 मध्ये रिद्दारहूसेतच्या नोंदवहीत घराण्याला 13 क्रमांक मिळाला. त्या ढालीवर ना सिंह, ना गरुड. नुसते दोन रंग. आणि नावात रात्र आधी असली, तरी ढालीवर वर बसलाय दिवस.