खोत, मौजे आणि मधला स्वल्पविराम

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत मी मोडी कागदांच्या लिप्यंतराचे काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक कागद जमिनीचे असतात. गहाणखते, खरेदीखते, कबुलायती, वाटणीपत्रे असे ते कागद घेऊन माणसे येतात ती बहुधा न्यायालयाची तारीख तोंडावर आल्यावरच. गेल्या पावसाळ्यात मात्र एका कागदासाठी दोन कुटुंबे एकाच वेळी माझ्या टेबलासमोर बसली. एक कुटुंब कळव्याचे, दुसरे ऐरोलीचे आणि दोघांचेही मूळ गाव महाड तालुक्यातले एकच. वाद गावच्या जमिनीचा होता. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी सर्वांच्या समक्ष एकाच व्यक्तीकडून वाचन करून घेण्याचे मान्य केले होते, म्हणून ही बैठक घडली.

कागद शके १७९६ चा, म्हणजे इसवी सन १८७४ च्या सुमाराचा होता. गावातल्या एका गृहस्थाने शेत आणि काही झाडे गहाण टाकल्याचे ते गहाणखत. त्याचे देवनागरी लिप्यंतर काही वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेले होते आणि त्याची टंकलिखित प्रत दोन्ही कुटुंबांकडे होती. त्या प्रतीत गहाण टाकणाऱ्याचे नाव ‘अमुक वलद तमुक खोत, मौजे’ आणि पुढे गावाचे नाव, असे छापलेले होते; वलद म्हणजे मुलगा आणि मौजे म्हणजे गाव. कळव्याच्या कुटुंबाचे आडनाव खोत. त्यांचे म्हणणे सरळ होते की कागदातला खोत तो आमचा पूर्वज. ऐरोलीच्या कुटुंबाचे आडनाव गावाच्या नावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले. त्यांच्या वंशावळीत कागदातली बापलेकांची दोन्ही नावे त्याच क्रमाने येत होती, पण खोत हे आडनाव त्यांच्या घराण्यात कोणी कधी लावलेले नव्हते. त्यामुळे इतकी वर्षे त्यांनाच आपल्या वंशावळीविषयी शंका वाटू लागली होती.

मी टंकलिखित प्रत बाजूला ठेवली आणि मूळ कागद भिंगाखाली घेतला. मोडीत लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही, विरामचिन्ह घालत नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सहसा पाळत नाही. शब्द कुठे तुटतो आणि नाव कुठे संपते हे वाचणाऱ्याने आशयावरून ठरवायचे असते. म्हणजे प्रतीतला तो स्वल्पविराम मूळ लिहिणाऱ्याचा असूच शकत नव्हता. तो लिप्यंतर करणाऱ्याचा होता. त्या एका चिन्हामुळे ‘खोत’ हा शब्द मागच्या नावाला जोडला जाऊन आडनाव झाला होता. चिन्ह काढले की तोच शब्द पुढच्या ‘मौजे’शी जुळतो आणि अर्थ होतो, अमक्या गावचा खोत.

मी हे सांगितल्यावर कळव्याच्या कुटुंबातला तरुण म्हणाला, “मॅडम, पण शब्द तर तोच आहे ना? मग आडनाव नाही हे कशावरून?” त्याचा प्रश्न योग्य होता आणि त्याला घाईने उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून मी कपाटातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला. या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे आमच्या गहाणखताच्या आधी सतराच वर्षांची. त्या काळी हा शब्द लोक कशासाठी वापरत होते याचा इतका जवळचा साक्षीदार दुसरा मिळणे कठीण. कोशात खोत म्हणजे गावाचा वसूल मक्त्याने घेणारा, जकातीचा मक्तेदार, तसेच सरकारासाठी गावचा सारा गोळा करणारा वंशपरंपरेचा अधिकारी असे अर्थ दिलेले आहेत. अर्थ वेगवेगळे दिसले तरी मुळाशी कल्पना एकच आहे: सरकारात ठरावीक भरणा करायचा आणि रयतेकडून वसूल आपण घ्यायचा. त्याच्या कामाला आणि हक्काला खोती किंवा खोतकी म्हणत आणि त्या हक्कातल्या वाट्याला तक्षीम.

गिरगावातल्या खोताच्या वाडीचा दाखलाही मी दिला. त्या वाडीचे नाव दादोबा वामन खोत यांच्यावरून पडले असे सांगतात. त्या नावातला ‘खोत’ हुद्दा की आडनाव, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण हुद्द्याचे आडनाव होत जाण्याची ती वाटच अशी आहे की तिच्यावर नेमकी रेघ ओढता येत नाही. देशमुख, कुळकर्णी, पाटील, महाजन, चौगुले हे सगळे शब्द त्याच वाटेने आडनावे झाले. शाळेचा दाखला, गिरणीतली हजेरी, रेल्वेतली नोकरी अशा ठिकाणी तिसऱ्या नावाचा रकाना भरावा लागला, तेव्हा माणसांनी गावाचे नाव तरी सांगितले किंवा घराण्याचे काम तरी.

ऐरोलीचे काका पेशाने शिक्षक होते आणि निवृत्त झाले होते. त्यांनी व्याकरणाचा मुद्दा काढला. ते म्हणाले की हुद्दा असेल तर ‘पाटलाने’ असे रूप होते आणि आडनाव असेल तर आपण ‘पाटीलांनी’ म्हणतो, तेव्हा शब्दाच्या रूपावरून निर्णय करता येईल. आजच्या बोलण्यापुरते त्यांचे निरीक्षण खरे आहे. आता आपण ‘काळ्यांना’ न म्हणता ‘काळेंना’ म्हणतो, आडनावाला हात लावायला कचरतो. पण जुन्या कागदांत आडनावांचेही सामान्यरूप बिनदिक्कत होते. ‘फडक्यांनी’, ‘गोऱ्यांस’ अशी रूपे सर्रास आढळतात. म्हणून ‘खोताने’ या एका रूपावरून काही सिद्ध होणार नाही, असे मला त्यांना सांगावे लागले. ही कसोटी त्यांच्याच बाजूची होती, तरीही त्यांनी माझे म्हणणे लगेच मान्य केले, याचे मला फार बरे वाटले.

मग आम्ही कागद शेवटपर्यंत ओळीने वाचला आणि दोन जागी थांबलो. पहिली जागा साक्षीदारांची. तिथल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाचे काम लिहिलेले होते, पाटील मौजे मजकूर, सुतार मौजे मजकूर, असे. ‘मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला. साक्षीला आलेल्या प्रत्येकाची ओळख लेखकाने कामावरून दिली असेल, तर गहाण टाकणाऱ्यापुरता त्याने निराळा रिवाज धरला असे मानायला आधार नव्हता. दुसरी जागा अटींची. तिथे पुढे जो कोणी खोत होईल त्याने या व्यवहारास उजूर, म्हणजे हरकत, करू नये, अशा अर्थाचे वाक्य होते. ते मी दोनदा वाचून दाखवले. आडनावाने माणूस जन्माला येतो. पुढे जो ‘होईल’ असे म्हणता येते ते अधिकाराविषयीच. कळव्याच्या तरुणाने वही मिटली आणि काही वेळ कोणी बोलले नाही.

त्याच्याबरोबर त्याची आजी आली होती, वय पंच्याऐंशीच्या पुढचे. ती तोवर गप्प होती. आता ती म्हणाली, “माझं माहेर अलिबागकडचं, आम्ही कुळं. खोत म्हटलं की खळ्यावर येऊन भात मोजून नेणारा माणूस, एवढंच आम्हाला ठाऊक. आणि लग्न झालं तर तोच शब्द माझ्या नावामागं लागला.” अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा चालला, नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते, हे मी अनेकदा वाचले होते. अर्धेलीने, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा म्हणून, भात देणाऱ्या घरातली मुलगी हा शब्द आयुष्यभर सही करताना लिहीत आली आहे, असे माणूस समोर बसलेले मात्र मी प्रथमच पाहत होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, १९५० साली. आजींच्या आठवणीत ती अजून खळ्यावर उभी होती. कोशात न सापडणारा हा अर्थ कोकणातल्या किती घरांत असेल, हा विचार दिवसभर माझ्या मनातून गेला नाही.

काम इथे संपले असते, पण बासनात आणखी एक कागद होता. तीन वर्षांनंतरची एक कबुलायत, आजवर कोणी वाचून न घेतलेली. तिच्यातही त्याच गावचा खोत होता, पण माणूस वेगळा आणि त्याच्या बापाचे नावही वेगळे. मी नाव मोठ्याने वाचले तेव्हा आजी म्हणाल्या की हे त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांचे नाव. यात विसंगती काहीच नव्हती. खोतीत अनेक तक्षीमदार असत आणि ते पाळीपाळीने गावची वहिवाट पाहत. ज्याची पाळी तो त्या सालचा खोत. पुढे १८८० साली झालेल्या खोती कायद्याच्या व्याख्येतही तक्षीमदाराला धरलेले आहे. दोन्ही घरांत खोती होती. एका घराने तो शब्द नावात ठेवला, दुसऱ्याने गावाचे नाव घेतले. कोणत्या पिढीत आणि कशामुळे हे घडले, ते या दोन कागदांत नव्हते, म्हणून मी त्याविषयी काही लिहिले नाही.

लिप्यंतराच्या खाली मी एक टीप जोडली. मूळ लेखात विरामचिन्हे नाहीत, ‘खोत’ हा शब्द पहिल्या कागदात गावच्या अधिकाराचा वाचक आहे आणि तसे मानण्याची कारणे साक्षीदारांच्या यादीत व अटींच्या परिच्छेदात आहेत, इतकेच. गहाण टाकणाऱ्याचे वंशज कोण हे ठरवणे माझे काम नव्हते. निघताना कळव्याच्या तरुणाने विचारले की दुसऱ्या कागदात तरी ‘खोत’ नंतर स्वल्पविराम घालता येईल का, कारण तिथे तर त्यांचाच पूर्वज आहे. तो घालता येणार नाही, असे मी त्याला सांगितले. आजी म्हणाल्या, “नको घालूस गं, आहे तसंच राहू दे.” दोन्ही कागदांच्या प्रतींवर सह्या करून मी त्या त्यांच्या हाती दिल्या.