समुद्रातली हद्द आणि शाळेचा दाखला

परवा शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढलं. आमच्या डहाणूच्या पाड्यावरचा एक जण गुजरातमधल्या ओखा बंदरात ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. पाकिस्तानी गस्ती जहाजाने ट्रॉलर पकडला, आता तो कराचीच्या मलीर तुरुंगात आहे. तो भारतीय आहे हे पटवायला कागद हवेत, म्हणून त्याची बायको दाखल्यासाठी आली होती. मी पानं चाळत असताना तिने विचारलं, "बाई, पाण्यात हद्द कुठं दिसते?"

तिला म्हटलं, दिसणार कशी? ती अजून ठरलेलीच नाही.

कच्छच्या रणात, भारत-पाकिस्तान सीमेवर, सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. भांडण १९०८ सालचं, तेही जळाऊ लाकडांवरून, कच्छचे राव आणि सिंध यांच्यातलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून १९१४ चा ठराव मुंबई सरकारने काढला. सोबतच्या नकाशात हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठावर आहे. पाकिस्तान ती धरून बसला, म्हणजे अख्खी खाडी त्यांची. त्याच ठरावातला बोटी चालणाऱ्या पात्राच्या मध्याचा उल्लेख, १९२५ चा नकाशा आणि तेव्हा रोवलेले खांब भारत पुढे करतो, म्हणजे हद्द खाडीच्या मधोमध. कच्छच्या सीमेवर आंतरराष्ट्रीय लवादाने १९६८ मध्ये दिलेल्या निवाड्यातून ही खाडी वगळली गेली. खाडीच्या मुखाचा बिंदू ठरत नाही, तोवर तिथून पुढे समुद्रात जाणारी रेघ सुरू कुठून करायची? २००७ मध्ये दोघांनी मिळून पाहणी केली. आधी समुद्राकडून रेघ आखत येऊ, असं भारताने सुचवलं. पाकिस्तानला खाडी आधी हवी. २०१२ मध्ये दिल्लीत बैठक झाली, तरी हद्द तशीच राहिली.

माझं म्हणणं हद्दीच्याही आधीचं आहे. समुद्री कायद्याच्या १९८२ च्या करारावर दोन्ही देशांनी शिक्कामोर्तब केलंय. त्याचं ७३ वं कलम सांगतं की, किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांपलीकडे, दोनशे मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर वेगळा करार नसताना तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. तरी आपली माणसं तिकडे वर्षानुवर्षं अडकतात आणि सिंधचे मच्छीमार गुजरातच्या तुरुंगात. ठरावातल्या एका परिच्छेदावर दिल्ली-इस्लामाबादने हवं तेवढं भांडावं. खलाशाला मात्र बोटीसकट माघारी पाठवावं. एवढं तर उद्यासुद्धा ठरवता येईल.

रजिस्टरमध्ये नाव सापडलं. पाचवीतून शाळा सोडली, कारणाच्या रकान्यात 'कामासाठी स्थलांतर'. दाखला लिहिताना आडनावाची वेलांटी तीनदा तपासली. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. तिथे अक्षर चुकायला नको.

तिने दाखल्याच्या दोन प्रती मागितल्या. एक तहसीलला द्यायला, एक घरात ठेवायला.