घरात तीन रेसर आणि बजेट एकच: कार्टिंगचा क्लास निवडतानाचा माझा अनुभव

आम्ही शिकागोच्या बाजूला राहतो, नेपरविलला. घरात कार्ट, म्हणजे छोटी उघडी रेसगाडी, चालवायला तिघं तयार, मुलगी आठ वर्षांची, मुलगा तेराचा आणि मी चाळिशी ओलांडलेला. भाड्याच्या गाड्या भरपूर फिरवून झाल्या होत्या, आता क्लबात उतरून खरं रेसिंग करायचं ठरलं आणि क्लासची, म्हणजे कोण कुठल्या गटात धावणार त्याची, यादी उघडली तर काही म्हणता काही कळेना. किड कार्ट, मायक्रो स्विफ्ट, मिनी स्विफ्ट, एलओ २०६ कॅडेट, २०६ ज्युनियर, केए १००, एक्स ३०, मास्टर्स, आणि प्रत्येकाचं वय वेगळं, वजन वेगळं, टायर वेगळे. हे सगळं समजून घेण्यात आमचा अख्खा हिवाळा गेला. आता ओळखीतले बरेच मराठी आईबाबा हेच विचारायला लागलेत म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

वयाचं गणित त्यातल्या त्यात सोपं आहे. साधारण पाच ते सात वर्षांची पोरं किड कार्टमध्ये, त्याला बहुतेक ठिकाणी ५० सीसीचं छोटं कोमर इंजिन असतं. मग सात-आठ ते बारा कॅडेट, बारा ते पंधरा ज्युनियर, पंधरापासून पुढे सीनियर, आणि तिशी-पस्तिशी ओलांडली की मास्टर्स. क्लबागणिक वर्षभराचा फरक पडतो, शिवाय काही ठिकाणी आज किती वय आहे ते न बघता या वर्षात किती पूर्ण होणार ते धरतात, त्यामुळे मूल सीमेवरचं असेल तर हे आधी विचाराच, नाहीतर घेतलेली गाडी एका सीझनमध्येच विकायची वेळ येते.

खरी अडचण पैशाची. सगळे गाडीची किंमत विचारतात, पण कार्टिंगमध्ये घेताना लागतात ते पैसे एकदाच लागतात, चालवायला लागतात ते दर महिन्याला, आणि क्लासमधला खरा फरक तिथेच आहे. एक्स ३० आणि केए १०० ही इंजिनांची नावं, क्लासही त्यांच्याच नावाने ओळखतात. एक्स ३० म्हणजे १२५ सीसी, वॉटर कूल्ड, टू स्ट्रोक, साधारण ३० हॉर्सपॉवर, गाडी अशी सुटते की छातीवर दाब जाणवतो, मला बघूनच प्रेमात पडायला झालं. पण ते इंजिन ठराविक तास चाललं की पिस्टन बदला, आणखी काही तास गेले की पूर्ण उघडा, आणि पुढे राहायचं तर जवळजवळ प्रत्येक रेसला नवे टायर. केए १०० त्यामानाने शांत, एअर कूल्ड आहे, रेडिएटर-पाण्याची भानगड नाही, खर्चही एक्स ३० पेक्षा कमी, पण टू स्ट्रोकच्या सवयी त्यालाही आहेतच.

एलओ २०६ हे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं फोर स्ट्रोक इंजिन, बनतं मिलवॉकीला म्हणजे आमच्यापासून दोन तासांवर. कंपनीतूनच सील लावून येतं, आत कुणी हात घालायचा नाही, सील तुटलं की गाडी बाद. रेव्ह लिमिटर ६१०० वर बसवलेला, म्हणजे इंजिन मिनिटाला त्याहून जास्त फेरे घेऊच शकत नाही. पॉवर नऊ हॉर्सपॉवरच्या आतबाहेर, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं हे काय, लॉन मोवर का. मलाही लोकांनी हेच ऐकवलं. पण इंजिनात पैसे ओतून कुणाला पुढे जाता येत नाही ही गोष्ट, ज्याच्या घरात दोन पोरं आहेत त्याच्यासाठी केवढी मोठी आहे! पंपावरचं साधं पेट्रोल, प्रत्येक रेसच्या दिवशी ऑइल बदल, चेन आणि क्लचकडे लक्ष, झालं. टायर जरा कडक रबराचे असतात, क्लब लेव्हलला एका सेटमध्ये बराचसा सीझन निघतो.

आणि सगळ्यात आवडलं ते म्हणजे स्लाइड. या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये एक रंगीत स्लाइड बसते, ती किती उघडते त्यावर पॉवर ठरते. लहान पोरांना कमी उघडणारी, ज्युनियरला त्याहून मोठी, सीनियरला काळी म्हणजे पूर्ण मोकळी. कुठल्या वयाला कुठला रंग हे क्लब ठरवतो. म्हणजे पोरगी मोठी झाली की इंजिन विकायचं नाही, स्लाइड बदलायची. तिघांसाठी एकाच प्रकारचं इंजिन, एकच हत्यारांची पेटी, स्पेअर क्लच एकच. माझ्या बजेटला हे पटलं.

पण हे कागदावर पटलं म्हणून मी घेतलं नाही, आधी ट्रॅकवर जाऊन उभा राहिलो. जोलिएटला ऑटोबान कंट्री क्लबचा कार्ट ट्रॅक आहे, वर विस्कॉन्सिनमध्ये डाउसमनला बॅजर कार्ट क्लब आहे, एल्कहार्ट लेकला रोड अमेरिकाच्या आवारात कार्टचा वेगळा ट्रॅक आहे. रेसच्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, फिरायचं आणि ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, कुठल्या क्लासच्या किती गाड्या लागतात ते मोजायचं, बाकी काही करायचं नाही. कारण एखादा क्लास कितीही भारी असला आणि तुमच्या ट्रॅकवर त्यात चारच गाड्या असतील तर पोरगं एकटंच गोल गोल फिरणार, शिकणार काय? ओव्हरटेक, बचाव, सुरुवातीच्या गर्दीत पहिलं वळण काढणं, हे सगळं आजूबाजूला गाड्या असल्या तरच येतं. आमच्याकडे २०६ च्या ग्रिड भरलेल्या दिसल्या, कॅडेटपासून मास्टर्सपर्यंत. तुमच्याकडे केए भरलेला दिसला आणि खिशाला झेपत असेल तर केए घ्या, मी अजिबात अडवणार नाही.

दुसरं म्हणजे वजन. प्रत्येक क्लासला गाडी अधिक ड्रायव्हर असं किमान वजन असतं, रेस संपल्यावर काट्यावर चढायचं, कमी भरलं तर निकाल गेला. माझी मुलगी अंगाने बारीक, म्हणजे सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने लावाव्या लागल्या, आणि त्या कुठे लावायच्या यावर गाडीचं वळणं अवलंबून असतं. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी वळते, वजन चुकीच्या जागी बसलं की चाक उचलतच नाही आणि गाडी सरळ जायला बघते. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या माणसाला मास्टर्स बरा, त्यात किमान वजन सीनियरपेक्षा जास्त धरतात, विशीतल्या हडकुळ्या पोरांशी लढावं लागत नाही.

चेसिसचंही, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचंही सांगतो. कॅडेटची चेसिस छोटी, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण ९५० मिलिमीटर, मोठ्यांची १०४० च्या आसपास. आठ वर्षांच्या मुलीला 'मोठी होईल तेव्हा उपयोगी पडेल' म्हणून मोठी चेसिस घेऊ नका, कपड्यांसारखं वाढत्या मापाचं इथे चालत नाही, पाय पॅडलला नीट पोचले पाहिजेत आणि सीट बरगड्यांना घट्ट बसली पाहिजे. सीट सैल असली की प्रत्येक वळणात बरगडी आपटते, कार्टिंगमधली नेहमीची दुखापत तीच. रिब व्हेस्ट म्हणजे बरगड्या जपणारं जाकीट, लहानांना चेस्ट प्रोटेक्टर, नेक ब्रेस आणि मुलांसाठीचं हलकं हेल्मेट, यात एक डॉलरही वाचवू नका, गाडी जुनी घ्या पण हे नवं घ्या.

गाड्या आम्ही जुन्याच घेतल्या, २०६ च्या चालू स्थितीतल्या अडीच ते साडेतीन हजार डॉलरच्या दरम्यान मिळत होत्या. आणि तीन नाही, दोनच घेतल्या, एक कॅडेट आणि एक मोठी. मोठी मुलगा आणि मी वाटून चालवतो, तो रेस करतो तेव्हा मी मेकॅनिक, मी मास्टर्सला उतरतो त्या दिवशी सीट आणि स्लाइड बदलायची. बघताना चेसिस उलटी करून खालचे पाइप किती घासलेत ते बघायचं, वेल्डजवळ तडे आहेत का बघायचं, आणि इंजिनाचं सील शाबूत आहे ना ते सगळ्यात आधी.

कोल्हापूरहून भावाचा फोन आला होता, दादा आमच्या पोराला काय घेऊ. त्याला म्हटलं, तुझ्याकडे चित्र वेगळं आहे. तिकडे रोटॅक्स मॅक्स या इंजिनाचे क्लास ही नॅशनलची, म्हणजे देशपातळीवरच्या स्पर्धेची, ओळखीची वाट, मायक्रो, ज्युनियर, सीनियर, आणि कोल्हापुरात तर मोहितेंचा ट्रॅक आहे, नॅशनलचे राउंड तिथे झालेत. इथलं २०६ डोक्यातून काढ, तुझ्या ट्रॅकवर पोरं जे चालवतात तेच तुझ्या पोराला दे, आणि पहिले काही महिने अकादमीची गाडी भाड्याने घे.

आता मुलाला केए १०० ची ओढ लागलीये. मी त्याला पंधरापर्यंत २०६ मध्येच ठेवणार आहे, कमी पॉवरच्या गाडीत ब्रेक जरा जास्त लागला की गेलेला वेग परत मिळत नाही, त्यामुळे वळणात वेग टिकवायला तो जे शिकतोय ते जास्त पॉवर मागे असताना शिकला नसता. मोठी चेसिस घेताना मुद्दाम अशीच बघितली होती की पुढे टू स्ट्रोक बसवता येईल, इंजिन माउंट, क्लच, एक्झॉस्ट आणि गिअरिंग बदललं की झालं. क्लबातल्या एका जुन्या मेंबरला सांगून ठेवलंय, कुणाचं चांगलं ठेवलेलं केए विकायला निघालं तर आधी मला कळवा.